चिलटांच्या नसा वाचणारा माणूस

अर्धापूरच्या केळीचा घड घरात दोन दिवस जास्त राहिला की त्यावर चिलटं घोंगावायला लागतात. आपण हात फिरवतो, ती उडतात, परत येऊन बसतात. याच चिलटाचं बारावीच्या बायोलॉजीत भारदस्त नाव आहे, ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर. लातूर असो की नांदेड, नीटची तयारी केलेल्या प्रत्येकाने ते पाठ केलेलं असतं. मॉर्गन, लिंकेज, पांढऱ्या डोळ्यांची माशी, दोन-चार एमसीक्यू आणि पुढचा चॅप्टर. विषय संपला!

या चिलटासाठी एका भारतीय शास्त्रज्ञाने जवळपास चाळीस वर्षं दिली, आधी मुंबईत आणि नंतर बंगळुरूत. माशीच्या नसांमधून निरोप कसा जातो आणि कोणतं प्रोटीन बिघडलं की तो अडतो, हे तो शोधत राहिला. त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. डॉ. ओबेद सिद्दीकी. त्यांना जाऊन एक तप उलटलं. आज त्यांची गोष्ट.

(आधीच एक खुलासा. आंबा-पेरूला डंख मारून फळ सडवणारी, बागायतदारांना रडवणारी फळमाशी वेगळी. आपली माशी म्हणजे पिकल्या केळीवरचं जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं चिलट.)

गारांनी वाट बदलली

सिद्दीकींचा जन्म ७ जानेवारी १९३२ चा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात, विषय वनस्पतिशास्त्र. स्वातंत्र्याच्या आगेमागेचा तो काळ होता. कॉलेजातली पोरं तेव्हा परीक्षेइतक्याच गांभीर्याने राजकारण करायची. सिद्दीकीही डाव्या विद्यार्थी चळवळीत ओढले गेले आणि त्यापायी त्यांना तुरुंगाची हवाही खावी लागली. बाहेर आल्यावर त्यांनी अभ्यास पुन्हा हातात घेतला आणि एमएस्सी केलं.

पुढे ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गव्हाच्या जेनेटिक्सवर काम करायला गेले. गव्हाचं जेनेटिक्स म्हणजे शेतीच. पेरायचं, राखायचं, फुलोऱ्यात संकर करायचा, ओंब्या भरेपर्यंत थांबायचं आणि मग मोजायचं. एका प्रयोगाला एक अख्खा हंगाम. आणि ऐन भरात आलेल्या त्यांच्या प्रयोगाच्या गव्हावर गारपीट झाली. सगळं आडवं.

मराठवाड्यातल्या पोरांना गारपीट म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. काढणीला आलेलं पीक अर्ध्या तासात मातीत जातं आणि हातात काहीच उरत नाही, ते आपण पाहिलेलं आहे. फरक एवढाच की शेतकऱ्याला त्याच रानात पुन्हा पेरावं लागतं. सिद्दीकींपुढे दुसरी एक वाट होती. आपले प्रश्न हे वंशपरंपरेचे, जीन्सचे आहेत, मग त्यांची उत्तरं गव्हातच शोधायला हवीत असं कुठे आहे? जो जीव पटपट वाढतो, कमी जागेत राहतो आणि ज्याचा हिशेब टेबलावर मांडता येतो, तो का घेऊ नये?

त्यांनी ग्लासगो गाठलं.

बुरशी, बॅक्टेरिया आणि चुकीचा पूर्णविराम

ग्लासगो विद्यापीठात गिदो पोंतेकोर्वो नावाचे इटलीहून आलेले जेनेटिसिस्ट होते. त्यांचा लाडका जीव म्हणजे अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. गव्हाला महिने लागायचे, बुरशीला दिवस पुरायचे. एकाच जीनच्या आत अदलाबदल, म्हणजे रिकॉम्बिनेशन, कशी होते हा सिद्दीकींचा विषय. १९६१ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

तिथून अमेरिका. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात अ‍ॅलन गॅरेन यांच्यासोबत काम, आणि जीव आणखी छोटा, ई. कोलाय हा बॅक्टेरिया. आता पिढी मोजायची ती मिनिटांत! १९६२ साली या दोघांनी एक पेपर प्रसिद्ध केला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा.

जीन म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं हे सांगणारं एक लांबलचक वाक्य समजा. काही म्युटेशन्स अशी असतात की वाक्याच्या मधेच चुकून पूर्णविराम पडतो. पेशी तिथेच वाचायची थांबते आणि प्रोटीन अर्धवट राहतं. गॅरेन आणि सिद्दीकींना असे बॅक्टेरिया सापडले ज्यांच्यात हा बिघाड तसाच होता, पण जीनोममध्ये दुसऱ्याच ठिकाणी झालेल्या एका बदलामुळे पेशी तो पूर्णविराम ओलांडून पुढे वाचत होती. याला सप्रेशन म्हणतात. या धाग्यावरून पुढे जात १९६५ साली गॅरेन यांच्या गटाने आणि तिकडे इंग्लंडमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या गटाने यूएजी हा स्टॉप कोडॉन उलगडला. यूएए, यूएजी, यूजीए ही तिकडी आपण घोकतो ना, तिच्यामागच्या सुरुवातीच्या कामात अलीगढच्या या माणसाचा हात आहे.

परत यायचं की नाही?

सिद्दीकी तेव्हा तिशीत होते. मॉलिक्युलर बायोलॉजी हा विषय जगातच कोवळा होता आणि ते त्याच्या अगदी मधोमध उभे होते. अमेरिकेत राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

अणुभौतिकीत नाव कमावून पुढे जीवशास्त्राकडे वळलेले लिओ झिलार्ड यांच्याशी तिथे त्यांची ओळख झाली होती. झिलार्ड आणि होमी भाभा एकमेकांना ओळखत होते. झिलार्ड यांनी भाभांकडे सिद्दीकींचं नाव सुचवलं आणि भाभांनी त्यांना मुंबईला बोलावलं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, ही मुळात फिजिक्स आणि गणिताची संस्था. तिथे जीवशास्त्र कुठून? पण भाभांची पद्धत वेगळी होती. आधी खुर्ची बनवायची आणि मग तिच्यासाठी माणूस शोधायचा हे त्यांना पटायचं नाही. चांगला माणूस मिळाला की त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. १९६२ मध्ये सिद्दीकी मुंबईत आले आणि टीआयएफआरचं मॉलिक्युलर बायोलॉजी युनिट सुरू झालं. भारतात या विषयाला मिळालेल्या पहिल्या घरांपैकी हे एक.

कागदावर हे झकास दिसतं. प्रत्यक्षात त्या काळात परकीय चलनाची एवढी टंचाई होती की बाहेरून काही मागवायचं म्हणजे परवानग्यांची रांग. केमिकल संपलं तर फोन करून उद्या मिळेल अशी सोय नाही. आज ऑनलाइन ऑर्डर करणाऱ्या पिढीला याचा अंदाज येणं अवघड आहे. त्यात १९६६ च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. ज्याच्या शब्दावर परत आलो तोच माणूस चार वर्षांत नाहीसा झाला. तरी युनिट टिकलं. बॅक्टेरियाचं काम चालू राहिलं, विद्यार्थी तयार होत राहिले.

चाळिशीत विषय बदलला

साठचं दशक संपता संपता जगातल्या बऱ्याच मॉलिक्युलर बायोलॉजिस्टना एक प्रश्न छळायला लागला. डीएनए कळला, जेनेटिक कोड कळला, आता पुढे काय? पुढचा डोंगर दिसत होता, मेंदू. जीव वागतो कसा, शिकतो कसा, त्याला वास कसा येतो? आणि या सगळ्यात जीन्सचा वाटा किती?

अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये सीमूर बेंझर यांनी यासाठी मॉर्गनची जुनी माशी पुन्हा कामाला लावली होती. बेंझरही आधी बॅक्टेरियाच्या विषाणूंवर काम करून गाजलेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिद्दीकी त्यांच्याकडे गेले आणि माशीचे झाले ते कायमचेच. वय चाळिशीच्या घरात. एका विषयात नाव झालेलं, हाताखाली विद्यार्थी. अशा वेळी माणूस सहसा आहे तेच पुढे रेटतो. नवा विषय म्हणजे पुन्हा पहिलीपासून.

पण माशीच का? हिशेब बघा. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला २५ अंश तापमानात साधारण दहा दिवस. एका बाटलीत शेकडो माश्या. खाणं म्हणजे मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट करायला अगार. क्रोमोसोमच्या फक्त चार जोड्या. आणि मेंदू एवढासा असूनही खराखुरा मेंदू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन, माशीच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार. तेवढ्यावर ती उडते, चालते, वास घेते, जोडीदार शोधते, धोका ओळखते आणि शिकतेसुद्धा. शिवाय तिच्या नसांमधून निरोप ज्या पद्धतीने जातो, तीच पद्धत आपल्या नसांमध्ये आहे.

मेन स्विचची अडचण

आता खरा पेच. घरातली एखादी तार कशासाठी आहे हे शोधायचं असेल तर आपण काय करतो? तिचा स्विच बंद करतो आणि काय बंद पडलं ते बघतो. जेनेटिक्सची पद्धत हीच. एक जीन बिघडवा आणि माशीत काय बिघडतं ते बघा.

पण काही प्रोटीन्स मेन स्विचसारखी असतात. ती नसतील तर माशी जन्मालाच येत नाही, अंड्यात किंवा अळी असतानाच मरते. नसांमध्ये निरोप वाहून नेणारी प्रोटीन्स नेमकी या जातीची. म्हणजे जी सगळ्यात महत्त्वाची, तीच अभ्यासायला सगळ्यात अवघड. मेलेल्या अंड्याला विचारणार काय?

यावर तोड होती तापमानाची. काही म्युटेशन्समुळे प्रोटीन पूर्ण नाहीसं होत नाही, फक्त नाजूक होतं. थंडाव्यात ते नीट काम करतं आणि तापमान चढलं की त्याची घडी विस्कटते. मग माशीला २२ अंशांवर आरामात वाढू द्यायचं. ती मोठी झाली, उडायला लागली की तापमान वाढवायचं. साधी माशी ते सहन करते, पण नाजूक प्रोटीनवाली धाडकन खाली पडते, पाय वर. परत थंड केलं की उठते आणि काही झालंच नाही अशी चालायला लागते. घर पूर्ण बांधून झाल्यावर एकच स्विच बंद करायचा, बघायचं आणि पुन्हा चालू करायचा. त्यात घर काही पडत नाही.

अशा उकाड्यात लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा शोध त्या काळात दोन-तीन ठिकाणी चालू होता. कॅनडात डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला १९७१ मध्ये 'पॅरालिटिक' सापडली आणि नंतर 'शिबिरे'. जपानी भाषेत शिबिरे म्हणजे बधिरपणा. सिद्दीकी आणि बेंझर यांनी शोधलेल्या माशीचं नाव 'कोमाटोज'. तापमान ३८ अंशांच्या आसपास नेलं की ती कोमात गेल्यासारखी पडायची. आपल्याकडे मे महिन्यात ३८ अंश म्हणजे आज जरा बरं आहे म्हणायचा दिवस, पण या माशीला तेवढं पुरायचं. आणि तिची खासियत अशी की पॅरालिटिक माशी थंड केल्यावर लगेच उठायची, ही मात्र खूप वेळ तशीच पडून राहायची. जितका जास्त वेळ उकाड्यात ठेवलं, तितका उठायला जास्त वेळ. दोन्ही पडतात, पण उठायची तऱ्हा वेगळी. म्हणजे आत बिघडणारी वस्तूही वेगळी असणार.

माशी पडली एवढ्यावर सिद्दीकी थांबले नाहीत. नेमका निरोप अडतो कुठे? त्यासाठी अडीच मिलिमीटरच्या माशीत केसाहून बारीक इलेक्ट्रोड घालून नसा आणि उडण्याचे स्नायू यांतले विजेचे संकेत मोजायचे. तेही तापमान वाढवत, थंड करत, पुन्हा वाढवत. १९७६ मध्ये सिद्दीकी आणि बेंझर यांचा या माश्यांवरचा पेपर अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या नियतकालिकात आला. वागण्यातला बिघाड, नसेतला विजेचा बिघाड आणि एक जीन, या तीन गोष्टी त्याने एका ओळीत आणून ठेवल्या. त्याच वर्षी सिद्दीकींना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

प्रोटीनचं नाव कळायला वीस वर्षं

एक गोष्ट लक्षात घ्या. १९७६ मध्ये या माश्यांमध्ये कोणतं प्रोटीन बिघडलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. जीन उघडून वाचायचं तंत्रच अजून हाताशी नव्हतं. माश्या बाटल्यांमध्ये जपल्या जात होत्या, पिढ्यामागून पिढ्या. उत्तरं आली ती पुढे, एकेक करून.

१९८९ मध्ये कळलं की पॅरालिटिक माशीत बिघडतं ते सोडियम चॅनल. नसेच्या भिंतीतलं हे दार उघडतं तेव्हा सोडियम आत घुसतो आणि विजेची लाट पुढे सरकते. दार अडकलं की लाट थांबली.

१९९१ मध्ये शिबिरेचा उलगडा झाला. तिच्यात बिघडतं डायनॅमिन. नसेच्या टोकाशी निरोपाची रसायनं बारीक पिशव्यांमध्ये भरलेली असतात. पिशवी रिकामी झाली की तिची कातडी आत ओढून नवी पिशवी बनवावी लागते. डायनॅमिन त्या पिशवीच्या मानेभोवती फास आवळतं आणि तिला तोडून मोकळं करतं. फास आवळला नाही की नव्या पिशव्या बनत नाहीत आणि साठा संपतो.

आणि १९९५ मध्ये सिद्दीकींच्या कोमाटोजची पाळी आली. तिच्यात बिघडलेलं प्रोटीन निघालं एनएसएफ. पिशवी नसेच्या भिंतीला चिकटते तेव्हा काही प्रोटीन्स सुतळीसारखी एकमेकांभोवती घट्ट पीळ घेतात. काम झाल्यावर हा पीळ सोडवला नाही तर ती पुन्हा वापरता येत नाहीत. पीळ सोडवायचं काम एनएसएफचं. ते बंद पडलं की न सुटलेले पीळ साचत जातात. ही माशी उठायला एवढा वेळ का घ्यायची, याचा अर्थ आता लागत होता. एनएसएफ आधी जेम्स रॉथमन यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या पेशींमधून वेगळं काढलं होतं. पेशींमधल्या या पिशव्यांच्या वाहतुकीसाठी रॉथमन आणि इतर दोघांना नोबेल जाहीर झालं ते ऑक्टोबर २०१३ मध्ये. सिद्दीकी त्याच वर्षीच्या जुलैत गेले होते.

वास, चव आणि केनियातून आलेलं पत्र

मुंबईत परतल्यावर सिद्दीकींनी टीआयएफआरमध्ये माशीचा गट उभा केला. त्यांच्याबरोबर के. एस. कृष्णन यांच्यासारखे लोक लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर पुढे काम करत राहिले. स्वतः सिद्दीकींनी आणखी एक प्रश्न घेतला, माशीला वास आणि चव कळते कशी?

या कामात त्यांची सगळ्यात महत्त्वाची साथीदार ठरली त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण युगांडा आणि आयर्लंडमध्ये. सिद्दीकींचं काम वाचून तिने त्यांना पत्र लिहिलं आणि न पाहिलेल्या मुंबईत पीएचडी करायला दाखल झाली.

या दोघांचे प्रयोग ऐकले तर वाटेल, अरे, हे तर आपणही करू! वासासाठी इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. माश्या सोडायच्या आणि कुठल्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचं. चवीसाठी खाण्यात तांबडा खाद्यरंग घालायचा. माशीचं पोट अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे तिने काय खाल्लं ते पोटाच्या रंगावरून कळतं. साखर आवडत नसलेली किंवा कडू ओळखू न शकणारी माशी हजारांमधून अशी वेचून काढायची. १९७८ मध्ये या दोघांनी वास आणि चव बिघडलेल्या माश्यांचं काम प्रसिद्ध केलं. वास ओळखणाऱ्या रिसेप्टरचे जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना उंदरांत सापडले ते १९९१ मध्ये, आणि माशीतले तर १९९९ मध्ये. मुंबईतलं काम त्याच्या कितीतरी आधीचं. पुढे व्हेरोनिका स्वतः जगभर नावाजलेल्या न्यूरोबायोलॉजिस्ट झाल्या. २०१० मध्ये कॅन्सरने त्यांना नेलं.

भुकेल्या देशात माशी कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल आणि यायलाच हवा. सिद्दीकी माश्यांकडे वळले तो काळ आठवा. बहात्तरचा दुष्काळ. मराठवाड्यात लोक खडी फोडायला जात होते, सुकडीवर दिवस काढत होते. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, अजून सांगतील. अशा देशाने माशी का लुळी पडते हे शोधण्यावर पैसा घालावा का?

याचं झटपट उत्तर देणं सोपं आहे, कारण आज आपल्या हातात पुरावे आहेत. कापसावर मारतात ते सायपरमेथ्रिन किंवा डास मारायच्या लिक्विडमधली औषधं काम कशावर करतात? कीटकाच्या सोडियम चॅनलवर. म्हणजे पॅरालिटिक माशीत बिघडलेल्या त्याच प्रोटीनवर. काही वर्षांनी फवारा लागू होईनासा होतो, त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे त्या कीटकांमध्ये या चॅनलचं रूप बदललेलं असतं. लहान मुलांमधल्या अपस्माराच्या काही गंभीर प्रकारांचं मूळ माणसाच्या सोडियम चॅनलच्या जीनमध्ये आहे. दात काढताना डेंटिस्ट देतो ते बधिरतेचं इंजेक्शनही हेच दार बंद करतं.

पण खरं सांगायचं तर १९७२ मध्ये सिद्दीकी यातलं काहीही छातीठोकपणे सांगू शकले नसते. सोडियम चॅनलचा जीन हातात यायलाच आणखी सतरा वर्षं होती. म्हणजे फायद्याची हमी मागून हे काम उभं राहिलंच नसतं. आणि हे करणारा माणूस शेतीला परका नव्हता. त्याची सुरुवातच गव्हाच्या रानात झाली होती, पीक हातचं जाणं त्याने भोगलं होतं. तरी त्याला वाटलं की गरीब देशालाही मुळातले प्रश्न विचारायचा हक्क आहे, नाहीतर आपण कायम दुसऱ्यांनी शोधलेलं विकत घेत राहू. हे सगळ्यांना पटेलच असं नाही. आजही बजेटच्या वेळी हा वाद होतो. वाद घालायलाच हवा, फक्त घालताना ही तारखांची ओळ समोर ठेवा : १९७६, १९८९, १९९५.

महाबळेश्वर ते बंगळुरू

एकट्या लॅबने विज्ञान होत नाही, बोलणारी माणसं लागतात. सत्तरच्या दशकात सिद्दीकींच्या पुढाकाराने महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्रावरचे सेमिनार सुरू झाले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आणि आपल्याकडची तरुण पोरं काही दिवस एकत्र राहायची, जेवताना, फिरताना विज्ञानावर भांडायची. पुढे गावं बदलली तरी सेमिनारचं नाव महाबळेश्वरच राहिलं.

ऐंशीच्या दशकात त्यांनी आणखी मोठं स्वप्न घेतलं, जीवशास्त्राची स्वतंत्र संस्था. कागदपत्रं, मंजुऱ्या, जागा यात वर्षं गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस, म्हणजे एनसीबीएस, उभं राहिलं. टीआयएफआरचाच भाग, आणि सिद्दीकी त्याचे पहिले संचालक. गव्हाच्या रानातून निघालेला माणूस फिरून कृषी विद्यापीठाच्या अंगणात पोचला होता.

मानसन्मान आले. १९८४ मध्ये पद्मभूषण आणि लंडनच्या रॉयल सोसायटीची फेलोशिप, २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीचं सदस्यत्व, २००६ मध्ये पद्मविभूषण. संगीत आणि फोटोग्राफी यांचा शौक होताच. पण संचालकपद सोडल्यावर ते नुसते सत्काराला जाणारे ज्येष्ठ शास्त्रज्ञ झाले नाहीत. ऐंशी उलटल्यावरही लॅबमध्ये येत होते, माशी वास लक्षात कशी ठेवते यावर काम करत होते. जुलै २०१३ मध्ये बंगळुरूत एका दुचाकीची त्यांना धडक बसली. काही दिवसांनी, २६ जुलैला, ते गेले. वय ८१.

आता तुमचं काय?

नीटचा स्कोअर कमी आला म्हणून बीएस्सीला आलोय, असं तोंड पाडून सांगणारी पोरं नांदेड-लातूरच्या प्रत्येक कॉलेजात भेटतात. झूलॉजी, बॉटनी, बायोटेक म्हणजे डॉक्टर न झालेल्यांची धर्मशाळा, असा एक समज आपण करून घेतलाय. सिद्दीकी वनस्पतिशास्त्राचे एमएस्सी होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी गहू, बुरशी, बॅक्टेरिया, माशी असे चार जीव बदलले. विषय मात्र प्रत्येक वेळी प्रश्नाने ठरवला, डिग्रीने नाही.

रस्ते आजही उघडे आहेत. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसाठी वेगळी परीक्षा असते आणि तिथे माश्यांवर काम करणाऱ्या लॅब आहेत. बीएस्सी किंवा एमएस्सीनंतर टीआयएफआर आणि एनसीबीएसला जायचं तर जेजीईबिल्स ही प्रवेश परीक्षा आहे, आणि बीएस्सीवाल्यांनाही तिथे इंटिग्रेटेड पीएचडीसाठी अर्ज करता येतो. या परीक्षांमध्ये पाठांतरापेक्षा विचार जास्त तपासतात. लातूर पॅटर्नची मेहनत आपल्या अंगात आहेच, फक्त ती थोडी वेगळ्या दिशेला वळवावी लागेल.

आणि एवढं लांबचं नको असेल तर या आठवड्यात एक करा. काचेच्या बरणीत पिकलेल्या केळीचा तुकडा ठेवा. तोंडाला कागदाचं नरसाळं लावा, टोकाचं भोक बारीक ठेवा. चिलटं आत जातील, बाहेर यायला गोंधळतील. दुसऱ्या बरणीत केळीऐवजी व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठेवा, तिसरीत नुसता ओला कापूस. दोन दिवसांनी मोजा, कुठे किती. मग बरण्यांच्या जागा बदला आणि पुन्हा मोजा. आकडे वहीत लिहा. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर खोडू नका, तसेच ठेवा आणि का आले नाहीत ते शोधा. लाखोंची मशीन यायच्या आधी सिद्दीकींची मुंबईतली लॅबही माश्या मोजण्यापासूनच सुरू झाली होती.